वाचक विचारतात : ‘स्टार ट्रेक’ अजून का पाहता?

गेल्या अंकात मी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेवर लिहिलं होतं. सोलापूरच्या अशोक चौकात, शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीसमोर सतरंजीवर बसून ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेली ही मालिका पुढे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवताना माझ्या कशी कामी आली, असा त्या लेखाचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी घरी पाठवला. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. वारंवार आलेले प्रश्न घेते.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : काळ तेविसावं शतक. माणसांनी आपसातली युद्धं संपवली आहेत आणि अनेक ग्रहांच्या संघातर्फे ‘एंटरप्राइज’ नावाचं यान अनोळखी ग्रह पाहत हिंडतं आहे. कॅप्टन कर्क, व्हल्कन ग्रहावरचा तर्कनिष्ठ स्पॉक आणि तापट पण मायाळू डॉक्टर मकॉय ही त्यातली मुख्य माणसं.

ताई, मूळ मालिका तीन वर्षांतच बंद पडली असं तुम्हीच लिहिलंत. मग ती इतकी दशकं टिकली असं कसं म्हणता?
— एक निवृत्त ग्रंथपाल, नवी पेठ

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर पहिला भाग दाखवला गेला आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा. एकूण ७९ भाग. सुरुवातही धड झाली नव्हती. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी बनवलेला पहिला नमुना-भाग वाहिनीने परत केला. प्रेक्षकांच्या डोक्याला फार ताण देणारा आहे, असं कारण सांगितलं गेलं. मात्र वाहिनीने दुसरा नमुना मागवला आणि ल्युसिल बॉल या विनोदी अभिनेत्रीच्या मालकीच्या डेसिलू स्टुडिओने तो करून दिला. त्या बाईंनी तेव्हा हात आखडता घेतला असता, तर आज आपण याबद्दल बोलत नसतो.

दुसऱ्या वर्षी मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन या चाहत्या जोडप्याने पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे इतकी पत्रं गेली, की ‘मालिका पुढच्या वर्षीही चालू राहील’ असं पडद्यावरून जाहीर करावं लागलं. पण तिसऱ्या वर्षी वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. ही मालिका पाहणारी तरुण मंडळी त्या वेळी घरी कुठली सापडायला! खर्चालाही कात्री लागली आणि ते कथांमध्ये दिसतं.

खरा चमत्कार त्यानंतरचा. बंद पडलेल्या मालिकेचे जुने भाग गावोगावच्या स्थानिक केंद्रांनी पुन्हा पुन्हा दाखवले आणि प्रेक्षक वाढत गेले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. १९७६ मध्ये नासाची पहिली स्पेस शटल तयार झाली. तिचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठेवायचं ठरलं होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि नाव ‘एंटरप्राइज’ झालं. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात ती शटल लोकांसमोर आली तेव्हा मालिकेतले बरेचसे कलाकार तिथे उभे होते. ती शटल अवकाशात कधीच गेली नाही, हवेतून उतरण्याच्या चाचण्यांसाठीच वापरली गेली. तरी तिच्या त्या दिवसाचा फोटो मी आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षं लावून ठेवला होता.

पुढे १९७९ मध्ये चित्रपट आला, १९८७ ते १९९४ ‘द नेक्स्ट जनरेशन’, मग ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’, ‘एंटरप्राइज’ आणि २०१७ पासून आणखी नव्या मालिका. काका, प्रेक्षकांनी हट्टाने जगवलेली अशी दुसरी मालिका मला माहीत नाही.

मॅडम, यानाला प्रकाशाहून वेगाने नेणारा वॉर्प ड्राइव्ह आणि माणसाला इथून तिथे पोचवणारा ट्रान्सपोर्टर खरंच शक्य आहे का? आमचे सर म्हणतात, सगळं थोतांड आहे.
— बारावी विज्ञानचा विद्यार्थी, विजापूर रोड

तुझ्या सरांचं बरोबर आहे, पण अर्धंच. आधी अंतरं बघ. सूर्य सोडून आपल्याला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने एवढं अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षं लागतील. म्हणजे दर आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा तर प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडल्याशिवाय लेखकांना गत्यंतर नव्हतं. मूळ मालिकेच्या हिशेबात वॉर्पचा आकडा घनात धरायचा. वॉर्प ६ म्हणजे ६ × ६ × ६, प्रकाशाच्या २१६ पट. त्या वेगाने हा तारा साधारण एका आठवड्यावर येतो. वहीत मांडून बघ. मी वर्गात घातांक शिकवताना हेच गणित द्यायची आणि मागच्या बाकावरची पोरंही पेन उचलायची.

आता शक्यतेचं. मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. यानाने स्वतः धावायचं नाही; यानापुढचं अवकाश आकुंचन पावेल आणि मागचं प्रसरण पावेल अशी व्यवस्था करायची. यान आपल्या जागी जणू स्थिर आणि भोवतालचं अवकाशच त्याला पुढे नेतं. आइनस्टाइनच्या समीकरणांत हे उत्तर बसतं. अडचण अशी, की त्यासाठी ऋण, म्हणजे शून्याहून कमी, ऊर्जा लागते, आणि ती इतक्या प्रमाणात मिळवायचा मार्ग कोणाकडेही नाही. म्हणून ‘थोतांड’ हा शब्द मला कठोर वाटतो. कागदावर दार आहे, किल्ली नाही, असं तुझ्या सरांना सांग.

ट्रान्सपोर्टरची हकिगत वेगळी आहे. तो विज्ञानातून आला नाही, पैशांच्या टंचाईतून आला. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसांना चमचमत्या प्रकाशात विरघळवून थेट खाली पाठवायची युक्ती काढली. भौतिकशास्त्र मात्र आडवं येतं. तुझ्या शरीरात ७ वर २७ शून्यं इतके अणू आहेत, आणि प्रत्येकाचं स्थान व संवेग एकाच वेळी अचूक मोजता येत नाही हे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने सांगून ठेवलं आहे. पुढच्या मालिकांच्या लेखकांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी यंत्राला ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा भाग जोडला. तो कसा चालतो असं मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांना विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, ‘छान चालतो, धन्यवाद.’ मला हे उत्तर मनापासून आवडतं. अडचण कुठे आहे हे ज्याला नेमकं कळलं आहे, तोच असं उत्तर देऊ शकतो.

या एवढ्या पसाऱ्यात आपल्याकडचं कोणी आहे का हो?
— एक वाचक, पंढरपूर

आहे. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात एंटरप्राइजची दिशादर्शक अधिकारी इलिया ही पर्सिस खंबाटा यांनी केली. मुंबईच्या पारशी घरातली मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. डेल्टा ग्रहावरच्या बायकांना केस नसतात असं कथेत होतं, म्हणून त्यांनी डोक्याचा पूर्ण गोटा केला. सौंदर्यस्पर्धेतून पुढे आलेल्या बाईने सत्तरच्या दशकात हे करायला धैर्य लागतं. त्यांच्या अभिनयाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, हे मला खटकतं. इलियाला पळवून एक यंत्र तिच्या जागी तिचीच हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती पाठवतं आणि त्यानंतर तिच्या निर्विकार चेहऱ्यामागे मूळ इलिया मधूनच हलते, ते त्यांनी फक्त डोळ्यांनी दाखवलं आहे. १९९८ मध्ये त्या गेल्या.

दुसरं नाव खान नूनियन सिंग. १९६७ च्या एका भागात आणि मग १९८२ च्या चित्रपटात आलेला हा खलनायक कथेत उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा सांगितला आहे. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबान यांनी, आणि अप्रतिम केली. तरी एखाद्या भारतीय नटाला ती मिळायला हवी होती असं मला वाटतं. जी मालिका सगळ्या पृथ्वीची म्हणून उभी राहिली, तिच्याकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला ही मालिका दाखवावी का? त्यात बायकांना नीट स्थान आहे का?
— एक आई, बार्शी

दाखवा, आणि शेजारी बसून दाखवा. कारण या बाबतीत मालिका एकसारखी नाही.

पहिल्या नमुना-भागात यानाची उपप्रमुख एक स्त्री होती. मॅजेल बॅरेट यांनी ती भूमिका केली होती. दुसऱ्या नमुन्यात ते पात्र उरलंच नाही. मूळ मालिकेचा अगदी शेवटचा भाग तर अशा गृहीतावर उभा आहे, की स्त्री यानाची कॅप्टन होऊ शकत नाही. तो भाग पाहताना मला आजही राग येतो. मुलीलाही येऊ द्या.

पण त्याच यानावर लेफ्टनंट उहुरा आहे, संपर्क विभागाची प्रमुख, आफ्रिकेतली. निशेल निकोल्स ही भूमिका करत. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडणार होत्या. त्याच सुमारास एका कार्यक्रमात त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. त्या सांगत, की किंग यांनी ‘तुम्ही सोडू शकत नाही’ असं ठामपणे म्हटलं. कृष्णवर्णीय बाई पडद्यावर मोलकरीण म्हणून येत नाही, बरोबरीच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसते, हे लोक पहिल्यांदाच पाहत होते. निकोल्स थांबल्या. १९७७ पासून त्यांनी नासासाठी प्रचार केला, की स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड (पुढे अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री) आणि गायन ब्लूफर्ड (पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन) निवडले गेले.

शिकागोत वाढणारी मे जेमिसन नावाची मुलगी उहुराला टीव्हीवर पाहत होती. ती डॉक्टर झाली आणि सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी तिने ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात छोटी भूमिकाही केली. खरी अंतराळवीर या मालिकेत पहिल्यांदाच आली, ती हीच.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ची कॅप्टन जेनवे ही स्त्रीच आहे. केट मुलग्रू यांचं काम पाहाच. यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं आणि सगळ्यांना परत न्यायची जबाबदारी या बाईवर येते. माझ्या वर्गातल्या मुली जेनवेबद्दल बोलताना आवाज चढवून बोलायच्या, आणि मी त्यांना थांबवत नसे.

सगळे परग्रहवासी दोन हातांचे, दोन पायांचे, नुसते कान नाहीतर कपाळ वेगळं. शिवाय सगळे इंग्रजी बोलतात. यात विज्ञान ते काय? इतकी वर्षं तुम्ही त्यात पाहता तरी काय?
— एक अभियंता, होटगी रोड

तुमचं पत्र सगळ्यात परखड, म्हणून उत्तरही सगळ्यात लांब.

बजेट तुटपुंजं होतं. सरकणारी दारं पडद्यामागून माणसं हाताने ओढत. मकॉयच्या पेटीतली काही वैद्यकीय उपकरणं म्हणजे नव्या धाटणीच्या मीठदाण्या होत्या. प्रत्येक परग्रहवासी निराळ्या शरीराचा दाखवायला पैसे कुठले? तुमची टीका तिथवर मान्य. पण ९ मार्च १९६७ रोजी दाखवलेला एक भाग तुम्ही पाहिला नसावा असं दिसतं.

जेनस-सहा नावाच्या ग्रहावर खाणकाम चाललं आहे. काहीतरी अंधारातून येतं आणि खाणकामगारांना जाळून मारतं. पन्नासएक माणसं गेली आहेत. कामगार हातात सोटे घेऊन सूड घ्यायला निघतात. त्या प्राण्याला ना हात, ना पाय, ना चेहरा. ओबडधोबड दगडासारखा लगदा सरपटत येतो आणि खडकातून लोण्यातून जावं तसा जातो. तो कार्बनचा नाही, सिलिकॉनचा बनलेला आहे. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या खालीच बसतो, त्यामुळे ही कल्पना रसायनशास्त्राला धरून आहे. स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्या मनात शिरतो आणि वेदनेने ओरडतो. मग कळतं, ती आई आहे. दर ५० हजार वर्षांनी तिची सगळी जात मरते. एकच उरते आणि सगळ्यांच्या अंड्यांची राखण करते. खाणीत सापडणारे आणि कामगारांनी कचरा म्हणून हजारोंनी फोडलेले सिलिकॉनचे गोळे म्हणजे तिची अंडी.

तिच्या जखमेवर मकॉयला काँक्रीट लिंपावं लागतं आणि ‘मी डॉक्टर आहे, गवंडी नाही’ असं तो चिडून म्हणतो, पण जखम बुजवतो. ज्यांची माणसं मेली ते कामगार आणि जिची पोरं मेली ती आई, यांच्यात शेवटी तडजोड होते. पिल्लांनी बोगदे खणायचे, कामगारांनी खनिज न्यायचं, कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. जीन कून यांनी हे लिहिलं. रॉडनबेरींचं नाव सगळे घेतात, कून यांचं फार थोडे. माझ्या मते मालिकेचं काळीज कून यांनी घडवलं.

मी हा भाग पाहिला तेव्हा मला इंग्रजी जेमतेम कळत होतं. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, समोरच्या वाण्याकडे कन्नड, मागच्या गल्लीत उर्दू. अर्धवट कळलेल्या बोलण्यावरून समोरच्याचं म्हणणं ताडायची सवय आम्हा पूर्व भागातल्या सगळ्याच पोरांना होती. त्यामुळे तो दगड आई आहे हे संवाद न कळताही कळलं आणि मी सतरंजीवर बसून रडले. शेजारच्या काकू, ज्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, त्याही पदराने डोळे पुसत होत्या.

आणखी एक भाग, जानेवारी १९६९ चा. चेहऱ्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा असलेले दोन शत्रू. कर्क आणि स्पॉकला त्यांच्यात फरकच दिसत नाही. त्यातला एक जण संतापून सांगतो, की माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी! ते आपल्या ग्रहावर परततात तेव्हा तिथे एकही माणूस जिवंत नाही, सगळे याच वैरात मेलेत. तरी हे दोघे एकमेकांचा पाठलाग सोडत नाहीत. मालिकेतले भडक सदरे रंगीत टीव्ही लोकप्रिय व्हावेत म्हणून मुद्दाम तसे रंगवलेले. वाहिनीची मालक कंपनी आरसीए रंगीत संच विकायची. मला ते सदरे कितीतरी वर्षांनी रंगीत दिसले. पण हे अर्धे-अर्धे चेहरे त्या कृष्णधवल पडद्यावर जितके ठसठशीत दिसले, तितके रंगीत पडद्यावर मला कधी वाटले नाहीत.

साहेब, मी यासाठी ही मालिका पाहते. बंदुका तिच्यातही आहेत. पण गोळी झाडण्याआधी ‘हा असा का वागतो’ हे विचारायला ती अर्धा तास देते. प्रयोग करण्याआधी निरीक्षण करा, असं मी मुलांना शिकवत आले. विज्ञान म्हणून मला एवढं पुरतं.

मूळ मालिका श्रेष्ठ की ‘द नेक्स्ट जनरेशन’? एकच उत्तर द्या.
— दोन मैत्रिणी, जुळे सोलापूर

एकच द्यायचं तर ‘द नेक्स्ट जनरेशन’, आणि तेही जून १९९२ मधल्या ‘द इनर लाइट’ या भागासाठी.

या मालिकेतला एंटरप्राइजचा कॅप्टन पिकार्ड यानावर बेशुद्ध पडतो आणि काटान नावाच्या ग्रहावर जागा होतो. तिथे त्याला कामिन म्हणतात. बायको आहे, पुढे मुलं होतात, नातू होतो. तो बासरी शिकतो. गाव दुष्काळात होरपळतं आहे. तो जमिनीची परीक्षा करतो, पाणी वाचवायचे उपाय सुचवतो, पण त्यांचा सूर्यच फुटणार आहे आणि त्यावर कोणाकडेच उपाय नाही. तो म्हातारा होतो. तेव्हा कळतं, की हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या त्या लोकांनी आपली आठवण कोणाला तरी राहावी म्हणून एक छोटं यान सोडलं होतं. त्यानेच पिकार्डला एक अख्खं आयुष्य जगवलं. एंटरप्राइजवर तेवढ्यात फक्त २५ मिनिटं गेली आहेत. कामिनच्या मुलाची भूमिका पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट यांचा खरा मुलगा डॅनियल याने केली आहे. या भागाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार १९९३ मध्ये मिळाला.

कामिनचा धंदा काय, तर तो लोखंड विणतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या विणकरी. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी मी आईकडून ऐकल्या, आणि आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा हिशेब अजून घरोघर होतो. विणकराचं घर, कोरडं गाव, आकाशाकडे बघणारी माणसं. हे कॅलिफोर्नियात बसून कोणी लिहिलं असेल यावर माझ्या वडिलांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तो भाग पुन्हा लावायला लावला.

पाहायला सुरुवात कुठून करू? एवढ्या मालिका बघून घाबरायला झालं आहे.
— एक वाचक, अक्कलकोट

क्रमाने पाहू नका. मूळ मालिकेतला जेनस-सहा ग्रहाचा भाग पहिल्या सीझनमध्ये आहे, ‘द डेव्हिल इन द डार्क’ नावाचा. तिथून सुरू करा. मग त्याच सीझनमधला ‘बॅलन्स ऑफ टेरर’, दोन यानांच्या कप्तानांची बुद्धिबळासारखी लढत. तिसरा सीझन अर्धामुर्धा पाहिलात तरी चालेल. ‘द नेक्स्ट जनरेशन’चं पहिलं वर्ष कच्चं आहे, ते बेलाशक सोडा. दुसऱ्या वर्षातला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ मात्र चुकवू नका. त्यात यंत्रमानव डेटा ही अंतराळदलाच्या मालकीची वस्तू आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर रीतसर खटला चालतो. पाचव्या वर्षात ‘डार्मोक’ आणि ‘द इनर लाइट’. एवढं पाहून झालं आणि आणखी हवंसं वाटलं, तर मला पत्र टाका. ‘डीप स्पेस नाइन’बद्दल खूप सांगायचं आहे, ते पुढच्या अंकात घेऊ.